मोठा कुत्रा न चावता राखण कशी करतो आणि ती कशी ओळखायची

मोठा कुत्रा घरात आणणाऱ्या माणसाच्या मनात दोन प्रश्न असतात. वेळ आली तर हा आपल्याला राखेल का, हा पहिला. हा कुणाला चावला तर काय, हा दुसरा. नवखी माणसं या दोन गोष्टी एकमेकींना बांधून टाकतात. चावतो तोच राखणदार, आणि चावत नाही तो नुसता शोभेचा, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात चांगल्या राखणदार कुत्र्याचं जवळजवळ सगळं काम दात लागण्याच्या आधीच उरकतं. तो उभा राहतो, मध्ये येतो, आवाज देतो, वाट अडवतो. पन्नास-साठ किलोचं जनावर वाटेत ठाम उभं राहिलं की समोरच्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

अडचण एवढीच की हे काम बघायची सवय आपल्याला नसते. कुत्रा पाच वेळा सांगतो, ते आपल्याला दिसत नाही. सहाव्या वेळी जे होतं तेवढंच दिसतं आणि आपण म्हणतो, "अचानक अंगावर गेला." खरोखर अचानक असं फार क्वचित घडतं. हा लेख त्या आधीच्या पाच वेळांबद्दल आहे. त्या ओळखायच्या कशा, आणि मुख्य म्हणजे ओळखल्यावर तुम्ही काय करायचं, हे पायरीपायरीनं बघू.

पायरी १ : राखणीचं मूळ काम काय, हे आधी समजून घ्या

बुलमास्टिफ ही जात इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मास्टिफ आणि बुलडॉग यांच्या संकरातून तयार झाली. मोठ्या जमीनदारांच्या शिकारीच्या रानांवर पहारेकरी असत, आणि रात्री चोरून शिकार करायला येणाऱ्यांना पकडण्यासाठी त्यांना कुत्रा हवा होता. काम नेमकं ठरलेलं होतं. माणसाला गाठायचं, अंगाच्या वजनानं खाली पाडायचं आणि पहारेकरी येईपर्यंत दाबून धरायचं. त्याला फाडायचं नाही. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबनं १९२४ मध्ये या जातीला मान्यता दिली. म्हणजे 'चावा न घेता थोपवणं' हा या कुत्र्याचा पिढ्यान्‌पिढ्या निवडून घेतलेला गुण आहे.

कळप राखणाऱ्या जातींची गोष्ट याहून बोलकी आहे. तुर्कस्तानचा कंगाल, इटलीचा मरेम्मा, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरांतला ग्रेट पिरनीज हे कुत्रे लहानपणापासून मेंढ्यांच्या कळपातच वाढतात. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अभ्यासक जोडप्यानं १९७० च्या दशकापासून अमेरिकेत अशा कुत्र्यांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं निरीक्षण असं की हे कुत्रे बहुतेक वेळा शिकारी प्राण्याशी लढत नाहीत, त्याच्या शिकारीत खोडा घालतात. शिकारी प्राणी दबा धरून पुढे सरकत असतो, तेवढ्यात कुत्रा भुंकत, शेपूट उभारून सामोरा येतो. शिकारीचा क्रम तुटला की तो प्राणी बहुतेक वेळा नाद सोडतो. नामिबियात चित्ता कॉन्झर्वेशन फंड ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना ॲनाटोलियन शेफर्ड आणि कंगाल जातीची कुत्री देते. त्यामागचं गणित हेच आहे. चित्त्याला जखम परवडत नाही, जखमी चित्ता शिकार करू शकत नाही, त्यामुळे मोठ्या आवाजाचा मोठा कुत्रा दिसला की तो दुसरी वाट धरतो. शेळ्या वाचतात आणि शेतकऱ्याच्या बंदुकीपासून चित्ताही वाचतो.

ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूलजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे पोचायचे, आणि २००५ च्या सुमाराला तिथल्या छोट्या पेंग्विनांची संख्या दहाच्या आत आली होती. २००६ मध्ये तिथे मरेम्मा कुत्रे ठेवायला सुरुवात झाली आणि पेंग्विन पुन्हा वाढू लागले. त्यासाठी कुत्र्यांनी कोल्हे मारत सुटायची गरज नव्हती. त्यांचा वास, आवाज आणि वावर एवढं कोल्ह्याला लांब ठेवायला पुरतं.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण तुमच्या घरातला कुत्रा दारात जे करतो ते याच घराण्यातलं आहे. समोरच्यानं माघार घ्यावी एवढाच त्याचा हेतू असतो. माघार घेतली की त्याच्या लेखी काम झालं.

पायरी २ : आपला कुत्रा निवांत असताना कसा दिसतो, ते पाठ करा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग पुढचं काहीच नीट वाचता येत नाही. ताण ओळखायचा तर आधी ताण नसतानाचं रूप डोळ्यांसमोर हवं.

दोन आठवडे रोज थोडा वेळ फक्त बघा. निवांत असताना शेपूट कुठे असतं? कान कुठे पडलेले असतात? तोंड किती उघडं असतं? उभं राहताना वजन चारही पायांवर सारखं असतं का? फोनवर दोन-चार छोटे व्हिडिओ काढून ठेवा, पुढे ट्रेनरला किंवा डॉक्टरांना दाखवायला ते फार उपयोगी पडतात.

मोठ्या जातींत हे वाचणं थोडं अवघड असतं, म्हणून जास्त काळजीनं करा. तिबेटी मास्टिफचं शेपूट पाठीवर वळलेलं असतं, ते वर दिसलं म्हणजे तो तणावात आहे असं नसतं. मास्टिफ जातींचे ओठ इतके सैल लोंबते असतात की ओठांचा ताण दिसतच नाही. काहींच्या डोळ्यांवर केस येतात. काहींच्या काळ्या तोंडावर डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळलेले कळत नाहीत. अशा कुत्र्याचा चेहरा सोडा आणि अंग वाचा. पाय, मान, पाठ आणि श्वास सहसा दगा देत नाहीत.

पायरी ३ : इशारे क्रमानं वाचायला शिका

दाराची घंटा वाजते. कुत्रा तोंड उघडं टाकून धापा टाकत पडलेला असतो. घंटेबरोबर पहिली हालचाल होते ती तोंडाची : ते मिटतं. धाप थांबते. मग कान दाराकडे वळतात. तो उठतो, पण धावत नाही. दोन पावलं टाकतो आणि थांबतो, पुढचे पाय किंचित फाकलेले, छाती पुढे, मान सरळ. शेपूट ताठ होतं, आणि हललंच तर टोकाशी, अगदी थोडं. हे सगळं काही सेकंदांत होतं, आणि बहुतेक घरांत तोवर सगळ्यांचे डोळे दाराकडे लागलेले असतात.

थबकणं. सगळ्यात महत्त्वाचा इशारा हाच. हलणारा कुत्रा एकदम पुतळा होतो. कुत्रा गोठला की त्याचा विचार चालू आहे. तुम्हाला हस्तक्षेप करायचा असेल तर सगळ्यात सोपी वेळ हीच.

मध्ये येणं. अनोळखी माणूस आणि तुम्ही यांच्यामध्ये कुत्रा आडवा येऊन उभा राहतो. बऱ्याचदा समोरच्याकडे तोंडसुद्धा करत नाही, नुसती कूस लावतो. वाट बंद होते. काही कुत्रे तुमच्या पायांना टेकून उभे राहतात. पण टेकणं हे जवळीक म्हणून असतं, आधार शोधायला म्हणूनही असतं. शेपूट खाली आणि कान मागे असतील तर तो तुम्हाला राखत नाहीये, तुमच्याकडे आसरा मागतो आहे.

भुंकणं. बुडापेस्टच्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रसंगांतलं भुंकणं ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं, तेव्हा कुत्रा कशासाठी भुंकतो आहे हे लोकांना बऱ्यापैकी ओळखता आलं. खालच्या पट्टीतलं, खरखरीत, भराभर येणारं भुंकणं लोकांना रागाचं वाटलं. उंच सुरातलं, मध्ये मध्ये थांबणारं भुंकणं तसं वाटलं नाही. तुमच्या कुत्र्याचे आवाजही असेच वेगळे काढता येतील. "कुणीतरी आलं" हे सांगणारं भुंकणं दोन-चार वेळा होऊन थांबतं, आणि मध्येच तो वळून तुमच्याकडे बघतो. ते वळून बघणं सोन्यासारखं जपा. तो विचारतो आहे, पुढे काय करायचं?

गुरगुरणं. याबद्दल पुढे सविस्तर येईल. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की गुरगुरणारा कुत्रा अजून बोलतो आहे.

केस उभे राहणं. मानेपासून पाठीपर्यंतचे केस उभे राहिले की लोक घाबरतात. ही गोष्ट कुत्र्याच्या हातात नसते. चेतासंस्था उद्दीपित झाली की ते होतं, मग कारण राग असो, भीती असो की नुसती उत्सुकता. एकट्या या खुणेवरून निष्कर्ष काढू नका.

शेपूट हलणं. "शेपूट हलवतोय म्हणजे काही करणार नाही" या समजुतीनं आजवर बऱ्याच जणांचे हात फोडले आहेत. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याचं शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकतं, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. उघड्या डोळ्यांनी डावं-उजवं तपासत बसायची गरज नाही. साधी खूण अशी : सैल, रुंद, कमरेसकट हलणारं शेपूट मित्रत्वाचं, उंच, ताठ, फक्त टोकाशी थरथरणारं शेपूट सावधपणाचं.

धावून येऊन थांबणं, हवेत दात वाजवणं, ढोसणं. हे टोकाचे इशारे. कुत्रा चार पावलं झेपावतो आणि अंगाला न लागता थांबतो. किंवा हवेत जबडा मिटतो, कटकन आवाज होतो. किंवा मिटलेल्या तोंडानं जोरात ढोसतो. अशा वेळी माणसं म्हणतात, "थोडक्यात वाचलो, नेम चुकला." निरोगी कुत्र्याचा नेम सहसा चुकत नाही. त्याला लागू द्यायचं नव्हतं, म्हणून लागलं नाही. पण याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. त्याच्याजवळचे सौम्य उपाय संपत आले आहेत. इथवर प्रकरण गेलं असेल तर आधीच्या चार-पाच पायऱ्या तुमच्या नजरेतून सुटल्या, किंवा कुणीतरी त्या कुत्र्याकडून पूर्वीच पुसून टाकल्या.

जांभई, नाकावरून जीभ फिरवणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं या खुणाही बघा. त्या अस्वस्थपणाच्या आहेत. राखण करणाऱ्या कुत्र्यापेक्षा अडकलेल्या कुत्र्यात त्या जास्त दिसतात.

पायरी ४ : ही राखण आहे, भीती आहे की ताबा?

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि त्याची किंमत कुत्रा मोजतो. "माझ्या जवळ कुणी आलेलं त्याला चालत नाही" असं लोक कौतुकानं सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण दर वेळी ती राखण असेलच असं नाही. खाली दिलेल्या गोष्टी स्वतःशी तपासून बघा.

तो कुणाला अडवतो? अनोळखी माणसाला अडवणं समजण्यासारखं आहे. पण तुम्ही पलंगावर बसलेले असताना तुमचा जोडीदार किंवा मूल जवळ आलं आणि कुत्रा गुरगुरला, तर तो तुम्हाला कशापासूनही वाचवत नाहीये. तुम्ही, तो पलंग, ती जागा त्याला ताब्यात ठेवायची आहे. हाडावर गुरगुरणारा कुत्रा आणि हा कुत्रा एकाच कारणानं गुरगुरतात. यावर उपाय वेगळे असतात, आणि ते जाणकाराच्या मदतीनं करावेत.

वजन कुठे आहे? खरी राखण करणारा कुत्रा पुढच्या पायांवर भार देऊन, एका जागी ठाम उभा राहतो. घाबरलेला कुत्रा पुढे-मागे होत भुंकतो. भार मागच्या पायांवर, शेपूट खाली, कान मागे. समोरचा माणूस बघत असेपर्यंत लांब राहतो, पाठ वळली की मागून येऊन पोटरीला तोंड लावतो. हा कुत्रा शूर दिसतो, पण त्याला फक्त अंतर हवं असतं. बाहेर पट्ट्याला बांधून फिरवताना जे कुत्रे सगळ्यांवर धावून जातात, त्यांतले कितीतरी याच प्रकारातले. पट्टा असल्यानं पळून जाण्याची वाट बंद झालेली असते, मग उरतो तो एकच मार्ग.

निवळायला किती वेळ लागतो? तुम्ही आलेल्या माणसाशी हसून बोललात, त्याला आत घेतलंत, तर राखणदार कुत्रा थोड्याच वेळात सैल पडतो. लांब बसून लक्ष ठेवेल, पण श्वास मोकळा होतो, तोंड उघडतं. घाबरलेला कुत्रा अर्ध्या तासानंतरही तसाच ताठ असतो, आणि पाहुणा नुसता उठून उभा राहिला तरी पुन्हा सुरू होतो.

आणखी एक : तुम्ही सोबत नसताना तो कसा वागतो? व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मालक जवळ असला की कुत्रा जास्त आत्मविश्वासानं वागतो, लहान मुलाला आई-वडिलांचा आधार वाटतो तसाच. म्हणून तुमच्याजवळ वाघ असलेला कुत्रा एकटा असताना कोपऱ्यात जाऊन बसत असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पण मग त्याच्यावर घराच्या पहाऱ्याचं ओझंही टाकू नका.

पायरी ५ : इशारा मिळाला की तुम्ही काय करायचं

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही ओरडू नका, मारू नका, पट्टा झटकू नका. मारलेल्या कुत्र्याच्या मनातली भीती जात नाही, फक्त आवाज जातो. पुढच्या वेळी तो आवाज न करता थेट पुढची पायरी गाठतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हेच दिसलं. मारणं, लाथ घालणं, जबरदस्तीनं उताणं पाडून धरणं, डोळ्यांत रोखून बघणं असल्या उपायांनी बरेच कुत्रे उलट मालकावरच आक्रमक झाले होते. पन्नास किलोच्या कुत्र्याशी कुस्ती खेळून शिस्त लावायची कल्पना मनातून कायमची काढून टाका.

आता काय करायचं. कुत्रा तुम्हाला निरोप देतो आहे, तो तुम्ही ऐकला हे त्याला कळू द्या आणि पुढचा निर्णय स्वतःकडे घ्या. याची घरात सवय अशी लावा.

एक शब्द ठरवा. "बघितलं" चालेल. सुरुवातीला कुणी आलेलं नसताना, घर शांत असताना हा शब्द म्हणा आणि लगेच कुत्र्याच्या आवडीचा खाऊ द्या. दिवसातून काही वेळा, काही दिवस. लवकरच हा शब्द ऐकला की तो मान वळवून तुमच्याकडे बघू लागेल.

मग घरातल्याच कुणालातरी दारावर टकटक करायला सांगा. कुत्रा उठला, दोनदा भुंकला की तुम्ही उठून दाराशी जा, बाहेर बघा आणि शांत आवाजात म्हणा, "बघितलं." तो वळला की खाऊ. इथे तुमचं खरोखर उठून बघणं फार महत्त्वाचं आहे. खुर्चीत बसून "गप रे" ओरडणारा मालक कुत्र्याला आपल्यासोबत भुंकणाराच वाटतो.

पुढची गोष्ट जागेची. दारापासून काही पावलांवर, जिथून दार दिसेल पण वाटेत येणार नाही, अशी एक जागा त्याला ठरवून द्या. एक जाड सतरंजी टाका. "बघितलं" नंतर तिथे जाऊन बसायचं, तिथे बसलं की खाऊ मिळतो, एवढं पक्कं करा. मग तुम्ही कुत्रा आणि दार यांच्यामध्ये उभे राहा. म्हणजे जे काम तो अंग आडवं घालून करत होता, तेच तुम्ही केलंत. बऱ्याच कुत्र्यांच्या खांद्यातला ताण इथेच उतरताना दिसतो.

घाई करू नका. घरच्या माणसाच्या टकटकीवर जमलं, मग ओळखीच्या माणसावर, मग अनोळखी माणसावर. एखाद्या टप्प्यावर खाऊ तोंडातून गळून पडायला लागला किंवा तो खातच नसेल, तर प्रसंग त्याला झेपत नाहीये. एक टप्पा मागे या.

बाहेर असताना हेच काम अंतरानं करायचं. तो थबकला की पट्टा घट्ट आवळू नका, आवळलेला पट्टा त्याला धोक्याची खूणच वाटतो. कमान घेऊन वळा, दुसऱ्या बाजूला चला, अंतर मिळालं की शाबासकी द्या. आणि तो आवेशात असताना मागून गळपट्टा पकडायला जाऊ नका. त्या क्षणी कोणाचा हात आहे हे बघितलं जात नाही.

पायरी ६ : पाहुणे

पाहुण्याला आधीच सांगून ठेवा : कुत्र्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. "वास घेऊ दे" म्हणून मूठ नाकाशी नेणं ही फार पसरलेली आणि अनावश्यक सवय आहे. कुत्र्याला वास दोन मीटरवरूनही नीट येतो. तो आपण होऊन आला, अंग सैल ठेवून आला, तर छातीच्या बाजूनं किंवा खांद्यावर तीन सेकंद हात फिरवावा आणि थांबावं. त्यानं पुन्हा अंग लावलं तर पुढे चालू. तो बाजूला झाला तर विषय संपला. डोक्यावरून हात फिरवणं, वाकून मिठी मारणं, तोंडाजवळ तोंड नेणं हे ओळखीच्या पाहुण्यानंही करू नये.

पाहुणा तुमच्या गळ्यात पडतो, पाठीवर थाप मारतो, मोठ्यानं हसत हात उंचावतो, तेव्हा कुत्र्यावर लक्ष ठेवा. मध्ये शिरणारे कुत्रे अशाच वेळी मध्ये शिरतात. त्याला ढकलू नका. दोघं जरा लांब व्हा, "बघितलं" म्हणा, त्याला जागेवर पाठवा.

पाहुणे जास्त असतील, लहान मुलं असतील किंवा तुम्हालाच त्या दिवशी लक्ष देणं जमणार नसेल, तर कुत्र्याला दुसऱ्या खोलीत त्याच्या अंथरुणावर, चघळायला काहीतरी देऊन, दार लावून ठेवा. यात त्याचा काही अपमान नाही. राखणीच्या स्वभावाच्या कित्येक कुत्र्यांना गर्दीत उभं राहण्यापेक्षा हे जास्त आवडतं.

पायरी ७ : कुंपण आणि फाटक

फाटकाशी भुंकणारा कुत्रा रोज एक धडा घेत असतो. कुणीतरी येतं, तो भुंकतो, ते माणूस निघून जातं. ते जाणारच होतं, त्याचं घर पुढे होतं. पण कुत्र्याच्या हिशोबात त्याच्या भुंकण्यानं ते गेलं. दिवसाला असे वीस विजय मिळाले की सवय लोखंडासारखी पक्की होते, आणि एक दिवस फाटक उघडं राहिलं की ती कुंपणाबाहेर पडते.

म्हणून कुंपणाच्या रस्त्याकडच्या बाजूला आरपार दिसणार नाही असं काहीतरी लावा. तुम्ही घरी नसताना त्याला एकट्याला तिथे तासन्‌तास सोडू नका. साखळीनं बांधून तर ठेवूच नका. बांधलेल्या कुत्र्याला पुढे जाता येत नाही, मागे सरता येत नाही, आणि न चावता राखण करण्याची सगळी कला अंतर कमी-जास्त करण्यावरच उभी असते.

पायरी ८ : पिल्लू असतानाच पाया घाला

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा असतो. या काळात जे जे सुरक्षितपणे, चांगल्या अनुभवासह बघायला मिळतं ते 'नेहमीचं' म्हणून मनात बसतं : टोपी घातलेली माणसं, काठी टेकत चालणारी माणसं, धावणारी मुलं, हेल्मेट, छत्री, चाकांच्या खुर्च्या. "राखणदार व्हायचाय, म्हणून कुणाशी ओळख होऊ द्यायची नाही" हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो घातक आहे. नेहमीचं काय हे ज्याला माहीत नाही, त्याला वावगं काय हे कळणार कसं? असा कुत्रा प्रत्येकालाच शत्रू धरतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत कुठे न्यावं आणि कुठे नाही, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जबड्याचा जोर आवरणं पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ थांबतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका. घरी खेळताना दात जोरात लागले की खेळ थांबवा, उठून जा, थोड्या वेळानं परत या. मोठेपणी वेळ आलीच तर मनगट नुसतं तोंडात धरून सोडणारा कुत्रा याच शिक्षणातून घडतो.

आणि धीर धरा. मोठ्या जातींचे कुत्रे मनानं प्रौढ व्हायला दीड ते तीन वर्षं घेतात. राखणीचं वागणं त्याच सुमाराला वर येतं. वर्षभर सगळ्यांशी लाडात असलेला कुत्रा एक दिवस दारात थबकून गुरगुरतो आणि घरचे हादरतात. त्यात बिघडलं काही नसतं, तो वयात आला आहे. पायरी ५ ची तयारी त्याच्या आधी झालेली असली म्हणजे झालं. याउलट सात महिन्यांचं पिल्लू अनोळखी माणसावर धावून जात असेल तर ती राखण नाही, बहुतेक वेळा ती भीती असते, आणि तिच्यावर लगेच काम सुरू करावं लागतं.

कुत्र्याला 'तिखट' करण्यासाठी चिडवणं, बांधून ठेवून लोकांकरवी डिवचणं, 'छू' करून कुणाच्या अंगावर सोडणं यातून राखणदार तयार होत नाही. जर्मनीतून आलेल्या राखण-क्रीडेच्या परीक्षेतसुद्धा लपलेला माणूस शोधून त्याच्यासमोर भुंकत उभं राहायचं असतं, आणि माणूस स्थिर असताना कुत्र्यानं त्याला तोंड लावलं तर गुण कापले जातात. ते शिक्षण अनुभवी माणसांच्या हाताखाली वर्षानुवर्षं चालतं. घरच्या कुत्र्याला त्याची गरज नसते. त्याचा आकार आणि आवाज पुरेसा असतो.

पायरी ९ : घरात लहान मुलं असतील तर

कुत्रा कितीही विश्वासाचा असो, लहान मूल आणि मोठा कुत्रा यांना एकत्र सोडून खोलीबाहेर जायचं नाही. या नियमाला अपवाद करू नका. कुत्र्यानं दात दाखवले तर तो हसतो आहे असं लहान मुलांना वाटतं, हे अभ्यासांतही दिसून आलं आहे. शिवाय राखणदार स्वभावाचा कुत्रा घरच्या मुलाला आपलं मानतो, आणि खेळायला आलेली मुलं त्याच्याशी झोंबाझोंबी करू लागली, आरडाओरडा झाला, की मध्ये पडतो. त्याच्या दृष्टीनं ते भांडण असतं. मुलांचे मित्र आले की कुत्रा जाळीच्या दाराआड, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

पायरी १० : मदत कधी घ्यायची

वागणं एकाएकी बदललं तर आधी पशुवैद्याकडे जा, ट्रेनरकडे नंतर. मोठ्या जातींत खुब्याची आणि कोपराची सांधेदुखी बरीच आढळते, आणि दुखणारा कुत्रा कुणालाही जवळ येऊ देत नाही. कान दुखत असेल, दिसणं कमी झालं असेल, तरी चिडचिड वाढते. दुखणं बरं झालं की 'राखण'ही ओसरते, असं बऱ्याचदा होतं.

खालीलपैकी काही दिसलं तर वागणुकीवर काम करणाऱ्या जाणकाराला वेळ न घालवता बोलवा : आवाज न करता थेट झेपावणं, घरच्याच माणसांना अडवणं, तुम्ही "ठीक आहे" म्हटल्यावरही न निवळणं, हवेत दात वाजवण्याचे प्रसंग वाढत जाणं. काटेरी किंवा विजेचा गळपट्टा सुचवणाऱ्या, 'एका भेटीत सरळ करतो' म्हणणाऱ्या माणसाकडे कुत्रा देऊ नका. भेटीला जाताना नोंदी न्या : प्रसंग कुठे घडला, समोर कोण होतं, किती अंतरावर होतं, आधी कुत्र्यानं काय केलं, नंतर निवळायला किती वेळ लागला.

मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर बसवायचं आवरण, घालायची सवय प्रत्येक मोठ्या कुत्र्याला लावून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. जाळीची, ज्यात तोंड उघडून धाप टाकता येईल आणि पाणी पिता येईल अशी मझल घ्या. तोंड बांधून टाकणारी कापडी पट्टी लांब वेळ वापरण्याजोगी नसते, तिच्यात कुत्र्याला धाप टाकून अंग थंड करता येत नाही. रोज मझलीत खाऊ ठेवून त्याला आपण होऊन तोंड घालू द्या, बंद लावायची घाई करू नका. डॉक्टरांकडे, गर्दीत किंवा प्रवासात हीच सवय त्याला आणि लोकांनाही सांभाळते.

इतकं करूनही दात लागलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरीही. लसीकरणाची नोंदवही सोबत न्या. आणि त्या दिवशी कुत्र्याला शिक्षा करू नका. त्याला शांत खोलीत ठेवा, आणि चाव्याच्या आधी काय काय घडलं ते आठवेल तितकं लगेच लिहून काढा. त्या नोंदीवरूनच जाणकाराला पुढचं काम ठरवता येईल.